आवाजावर बसलेली डबी

“म्हंजे तिचा आवाज गेला?” सारिकानं विचारलं.

पुष्कर यंत्राच्या पडद्याकडे बघत होता. पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि तीही फार थोडी.

“गेला का ऱ्हायला, तेवढं सांगा दादा. बाकीचं मला कळायचं नाही.”

“बघतोय.”

“मघापासनं बघताय.”

खिडकीबाहेर धुकं होतं. सकाळी सारिका चढ चढून आली तेव्हा खालचं गाव दिसत होतं. कौलं, पाण्याची टाकी, शाळेची पिवळी भिंत. आता काहीच नव्हतं. सगळं पांढरं, मऊ, दुधात भिजवून ठेवल्यासारखं... मठ जणू कशालाच टेकलेला नव्हता.

आक्का खिडकीशी बसून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हा मठ घाटमाथ्यावर आहे. देव असा तिथे नाही. एक समाधी आहे आणि समाधीमागे एक खोली आहे. त्या भागातल्या बायका सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी निघाल्या की वाटेत मठात चढतात. हळूहळू, पोटाखाली हात धरून, थांबत थांबत. मठात त्यांची ओटी भरतात. मग एकेकीनं त्या खोलीत जायचं, घोंगडीवर बसायचं आणि येणाऱ्या बाळासाठी एक गाणं म्हणायचं.

तो आवाज मठात राहतो. याला आवाज ठेवणं म्हणतात.

आवाज ठेवताना खोलीत दुसरं कुणी नसतं. आक्का यंत्र सुरू करतात, बाहेर येतात आणि दार ओढून घेतात. बाळाच्या आधी तो आवाज कुणी ऐकायचा नाही. आक्कांनीसुद्धा नाही.

पूर्वी कॅसेटवर ठेवत. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तेव्हा आक्का आल्या. त्या आधी शहरात मोठाल्या यंत्रांवर, कॉम्प्युटरवर, काम करत होत्या. नोकरी सोडून, केस कापून, एक यंत्र तेवढं काखेत घेऊन त्या डोंगर चढल्या असं सांगतात. त्यांनी एकेक कॅसेट पुसून तिच्यातला आवाज यंत्रात भरून घेतला. काही बायका तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. काही नव्हत्याच. आवाज मात्र सगळ्यांचे विशीतले.

मूल सहा महिन्यांचं झालं की उष्टावणाला त्याला परत मठात आणतात. आईनं मांडीवर घ्यायचं, तिचा तो आवाज लावायचा आणि भाताचं पहिलं शीत जिभेवर ठेवायचं. मुलं त्या आवाजाकडे वळून बघतात. एकदा यंत्राकडे, एकदा आईच्या तोंडाकडे. कुठली खरी ते त्यांना ठरवता येत नाही. मग हसतात.

सारिकाच्या मांडीवर जी मुलगी होती ती तिची नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीची, उज्ज्वलाची. उज्ज्वला बाळंतपणात गेली.

मुलीला सगळे चिमी म्हणत. बारसं झालं होतं, पण नावानं हाक मारायला कुणाची जीभ वळत नव्हती.

चिमी झोपायची नाही. दूध प्यायची, हसायची, आणि झोपेची वेळ झाली की ताठ व्हायची. रडून रडून ओठ निळे पडायचे, टाळू लपलप उडायची. सारिकानं सगळं करून पाहिलं. दृष्ट काढली, पोटाला हिंग लावला, डॉक्टरला दाखवलं. शेजारणींच्या अंगाया म्हटल्या, मोबाइलवरच्या ऐकून म्हटल्या. मुलगी ऐकायची, आणि अजून काहीतरी ऐकायचं राहिलंय अशी दाराकडे बघायची.

“पोटात असताना आई म्हणत असेल तिला काही,” सारिका आल्या आल्या आक्कांना म्हणाली होती. “ते गाणं इथं ठेवलंय तिनं. एकदा कळू द्या मला कुठलं ते. मग मी म्हणेन की. जल्मभर म्हणेन.”

पदराखालच्या डब्यात भात होता. तूप घातलेला, बोटानं मऊ केलेला. तो आता निवत चालला होता.

पुष्कर मठात आला त्याला एक पावसाळा झाला होता. शहरात त्यानं हजारो यंत्रं सांभाळली होती. ती कुठे आहेत ते मात्र त्याला माहीत नव्हतं. इथे बसून बटण दाबायचं, तिकडे काम व्हायचं. जागा कमी पडली तर दुसरं बटण. जागा वाढायची.

तो आला तेव्हा आक्कांना म्हणाला होता, “मला यंत्रं नकोत. मन रिकामं करायचंय.”

आक्का म्हणाल्या होत्या, “बरं.” आणि त्याला यंत्रापुढे, त्याच घोंगडीवर बसवलं होतं.

हा त्याला अपमान वाटला. पण तो राहिला. पहाटे उठून डोळे मिटून बसायचा, आणि दिवसभर यंत्राची धूळ पुसायचा. मध्येच आक्कांना विचारायचा, मी कितपत रिकामा झालोय. आक्का म्हणायच्या, जेवलास का.

यंत्रातली जुनी डबी थकली होती. डबी म्हणजे डिस्क, आक्का तिला डबी म्हणायच्या. आतून टक टक असा आवाज यायचा तिच्या. सगळे आवाज तिच्यातच होते, म्हणून त्यांची दुसरी प्रत ठेवायला एक नवी, मोठी डबी आणली. ती पुष्करनं बसवायची होती.

या यंत्रात डब्या वेगवेगळ्या दिसत नाहीत. सगळं मिळून एकच घर असतं. घरात खोल्या, खोलीत खोल्या. नवी डबी एखाद्या खोलीत बसवायची, म्हणजे त्या खोलीत शिरलं की डबीतलं दिसतं. यंत्राजवळ एक फाइल असते. सकाळी जागं होताना यंत्र ती वाचतं. कुठली डबी, कुठल्या खोलीत, कशी बसवायची, एकेका डबीची एकेक ओळ. पुष्कर याला माउंट करणं म्हणायचा. आक्का नुसतं बसवणं म्हणायच्या, घट बसवतात तसं.

“आधी रिकामी खोली कर,” आक्का त्याला म्हणाल्या होत्या. “मग तिथे बसव.”

“माहीत आहे, आक्का.”

“माहीत आहे ते दिसतंच आहे. केलंयस कधी?”

तो हसला होता. इतक्या लहान कामाला काय करून बघायचं.

रिकामी खोली त्यानं केलीच नाही. आवाज ज्या खोलीत होते तिचं नाव ‘आवाज’. नवी डबी त्यानं काल तिथेच बसवली. जुन्या जागेला नवी जागा जोडली जाईल, असं त्यानं धरून चाललं. फाइलमध्ये ओळ लिहिली, यंत्र बंद केलं, चालू केलं. यंत्र तक्रार न करता जागं झालं. ‘आवाज’मध्ये केवढी तरी मोकळी जागा दिसली. नुसतं रिकामं, रिकामं... त्याला फार बरं वाटलं. दुसऱ्या पहाटे तो डोळे मिटून बसला आणि त्याला वाटलं, आज जमतंय.

आणि आज सारिका आली. पुष्कर खोलीत शिरला, म्हणजे यंत्रातल्या खोलीत, आणि उज्ज्वलाचं नाव शोधायला लागला.

नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं.

“ही येवढी ओळ कसली?” सारिकानं वाकून पडद्यावर बोट ठेवलं. चिमीनंही ठेवलं.

“ते काही नाही. ती खोली यंत्र आपणहून ठेवतं.”

“पण लिवलंय काय?”

पुष्करनं वाचून दाखवलं. इंग्रजी होतं. हरवलेलं आणि सापडलेलं, असा त्याचा अर्थ.

सारिकाचे डोळे एकदम मोठे झाले. “मग त्यात बघा ना.”

“त्यात काही नसतं, ताई.”

“बघा की. नावच तसं ठेवलंय तर.”

त्यानं बघितलं. काही नव्हतं.

वात वळता वळता आक्कांचा हात थोडा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

पुष्करच्या कपाळावर घाम आला होता. इतक्या थंडीत. तो भरभर बोलायला लागला. डबी जुनी होती, टक टक करत होती, आपण ऐकलंय सगळ्यांनी. काल यंत्र बंद करून चालू केलं तेव्हा ती आतून विस्कटली असणार. यावर एक उपाय आहे. यंत्राला एक हुकूम द्यायचा, मग ते सगळी डबी झाडून काढतं, विस्कटलेलं जुळवतं, जुळत नाही ते टाकून देतं.

“टाकून देतं?” सारिका म्हणाली.

“जुळत नसेल तर.”

“आणि तिचंच नाही जुळलं तर?”

पुष्करनं हुकूम लिहिला होता. नुसतं एक बटण दाबायचं राहिलं होतं. बोट त्यावर टेकलं होतं.

“जुनी डबी चालू आहे ना?” आक्कांनी विचारलं.

“हो. यंत्र तिच्यावरच चाललंय.”

“चुलीवर दूध असताना चूल सारवतात का?”

...

“हात काढ,” आक्का म्हणाल्या.

त्यानं हात काढला. मांडीवर ठेवला.

चिमी कुरकुरायला लागली. तिची झोपेची वेळ होत आली होती. सारिकानं तिला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत ती जागच्या जागी डुलायला लागली. डुलता डुलता तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. धुकं आता खिडकीत आलं होतं, आत यावं की नको असं करत. आपण डोंगर चढून आलो खरं, पण उतरायला खाली काही उरलंय का, असं तिला उगाच वाटून गेलं.

“काल काय बसवलंस?” आक्कांनी विचारलं.

“नवी डबी.”

“कुठे?”

“आवाजमध्ये.”

“तिथे आधी काय होतं?”

“आवाज होते.”

“मग?”

“मग ते...” पुष्कर म्हणाला, आणि थांबला.

आक्कांनी झालेली वात बाजूला ठेवली. दुसरी घेतली. कापसाची सरकी काढली.

पुष्करचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “ते खाली आहेत,” तो हळूच म्हणाला. “जुन्या डबीला काही झालेलं नाही. मी वर नवी बसवली म्हणून दिसत नाहीत. हे जे रिकामं दिसतंय ते नव्या डबीचं रिकामं आहे.”

“आवडलं होतं तुला,” आक्का म्हणाल्या.

“खाली म्हंजे हायेत का?” सारिकानं विचारलं.

“असणार, ताई.”

“असणार का हायेत?”

पुष्करनं आक्कांकडे बघितलं.

“उतरव,” आक्का म्हणाल्या.

त्यानं नवी डबी उतरवायचा हुकूम लिहिला आणि बटण दाबलं. यंत्रानं नकार दिला. एका ओळीत, नेहमीसारखा, कोरडा.

“काय म्हणतंय?”

“जागा गुंतलेली आहे म्हणतंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे...” त्यानं शब्द शोधले. “आत कुणीतरी आहे म्हणतंय. आतला बाहेर आल्याशिवाय डबी उतरवता येत नाही.”

सारिकानं चिमीला घट्ट धरलं.

पुष्करनं उघडलेलं एकेक बंद केलं. गाणी वाजवायचं बंद केलं. काल उघडी ठेवलेली फाइल बंद केली. पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तीच ओळ. त्यानं अजून काही शोधून बंद केलं. तीच ओळ.

“जबरदस्तीनं उतरवता येतं,” तो म्हणाला. “नाहीतर वायरच काढतो.”

“आत कोण आहे ते बघितलंस?”

“कुणी नाही, आक्का. सगळं बंद केलंय.”

“त्याला विचार.”

त्यानं यंत्राला विचारलं, कोण आहे आत. यंत्रानं नाव सांगितलं.

पुष्करनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

“कोण हाये?” सारिकानं कुजबुजत विचारलं.

“माझंच नाव दाखवतंय,” तो म्हणाला. “पण मी तर इथे आहे. आत मी काहीच उघडलेलं नाही.”

चिमी आता रडायला लागली. आधी बारीक, मग तोंड भरून. सारिकाला एक गाणं सुचलं, अर्धं म्हटलं, सोडून दिलं. दुसरं धरलं. मुलगी मान मागे टाकून ताठ झाली. तिचे ओठ सारिकानं बघितले आणि डबा खाली ठेवला.

“आक्का, काहीतरी सांगा त्यांना,” ती म्हणाली.

आक्का उठल्या. वातींचं ताट खिडकीत ठेवलं. पुष्करपाशी आल्या.

“तुझ्याखाली काय आहे?”

“आक्का, आत्ता नको.”

“काय आहे?”

“घोंगडी.”

“तिच्याखाली?”

“जमीन.”

“बघितलीस?”

पावसाळाभर तो त्याच घोंगडीवर बसला होता.

“घोंगडी उचल,” आक्का म्हणाल्या.

रागात होता तो. गुडघ्यांवर उठला, घोंगडीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. आली नाही. जोर लावून ओढलं. घोंगडी जाड होती, काळी, जुन्या लोकरीची. नुसती ताणली गेली. त्यानं दातओठ खाऊन हिसका दिला, आणि स्वतःच पुढे कपाळावर आपटता आपटता वाचला.

सारिका हसली. हसायची ती वेळ नव्हती, डोळ्यांत पाणी होतं, पोर किंचाळत होती. पण हसू आलंच.

“अवो दादा,” ती म्हणाली, “तुमीच बसलाय की तिच्यावर.”

पुष्कर तसाच राहिला. हातात टोक, गुडघे घोंगडीवर.

...

मग तो उठला. बाजूला झाला. घोंगडी हलकीच उचलली गेली.

खाली काळा दगड होता. दगडात कमळ कोरलेलं होतं. पाकळ्या झिजून झिजून गुळगुळीत झालेल्या, मध्ये थोडं जुनं कुंकू, आणि एक हिरवी काच. कुणाची तरी बांगडी कधी तरी फुटलेली.

तो बघत राहिला. मग काहीतरी आठवल्यासारखा यंत्राकडे वळला. उभ्या उभ्याच वाकून त्यानं एक छोटासा हुकूम लिहिला. डबी उतरवायचा नाही. ‘आवाज’ या खोलीतून बाहेर यायचा. सकाळी उज्ज्वलाचं नाव शोधायला तो त्या खोलीत शिरला होता, आणि तेव्हापासून तिथेच होता. तिथेच उभा राहून सगळ्यांना बाहेर काढत होता.

बाहेर आला. मग म्हणाला, उतर.

यंत्र काहीच बोललं नाही. काम झालं की ते गप्प असतं.

त्यानं परत ‘आवाज’मध्ये डोकावून बघितलं. नावं. पडदाभर नावं, खालून वर सरकत, थांबेचनात. यमुना, कोंडाबाई, सुभद्रा, लता, हिराबाई, पारू... धुक्यातून गुरं परत यावीत तशी, एकामागून एक.

“आली?” सारिकानं विचारलं.

“आली.”

“ती?”

“तीही आहे.”

सारिका कमळाशेजारी खालीच बसली, चिमीला मांडीवर घेऊन. पुष्करनं आवाज लावला आणि तो भिंतीशी जाऊन उभा राहिला.

आधी नुसती खरखर. वारा असावा. मग बांगड्या वाजल्या.

“आक्का... सुरू झालं का हे?”

कुणी उत्तर दिलं नाही.

“गेल्या वाटतं.” एक बारीक हसू. मग आवाज जवळ आला, अगदी जवळ, कानाशी. “ऐक गं. का ऐक रे. जे कोण असशील ते. मला काही गाता येत नाही बाबा. आमची सारी म्हणते चांगलं. ती लहानपणी पिठीला म्हणायची ना, तेच म्हणते मी. चुकलं तर तिला विचार.”

सारिकानं तोंडावर हात घेतला.

पिठी म्हणजे त्यांच्या घरचं शेळीचं करडू. पिठासारखं पांढरं. शेळी चरायला गेली की ते ओरडायचं, तेव्हा सारिकानं आपल्याच मनानं जुळवलेलं ते गाणं होतं. उज्ज्वला तेव्हा बोबडं बोलायची. करडाचं गाणं ते, पोराला कुठं म्हणायचं, म्हणून सारिकाला इतक्या दिवसांत ते आठवलंसुद्धा नव्हतं.

नीज गं पिठी, नीज गं,
वाऱ्याला आली नीज गं.
आई गेली चाऱ्याला,
सांगून गेली वाऱ्याला.
वारा सांगंल पानाला,
पान सांगंल...

तिथे उज्ज्वला अडली. पुढचं तिला आठवेना. ती गुणगुणत राहिली, शब्दांवाचून.

चिमी गप्प झाली होती. मान वळवून यंत्राकडे बघत होती. मग तिनं वर बघितलं, सारिकाच्या तोंडाकडे, वाट बघत.

“कानाला,” सारिका म्हणाली.

मग तिनं सबंध ओळ म्हटली. मग पहिल्यापासून सगळं. आवाज फुटत होता, पण चाल तिचीच होती, सापडायला वेळ लागला नाही. यंत्रातली उज्ज्वला संपली. पुष्करनं न सांगता परत लावली. पुन्हा बांगड्या वाजल्या, पुन्हा ती हसली, आणि आता दोघी म्हणायला लागल्या. अडायच्या जागेला एक थांबायची, दुसरी पुढे न्यायची.

आक्कांनी डब्यातलं एक शीत सारिकाच्या बोटावर ठेवलं. सारिकानं गाता गाताच ते चिमीच्या जिभेवर ठेवलं. चिमीनं तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, परत आत घेतली. शीत गेलं.

पुष्कर घोंगडीवर बसला नाही, कमळावरही नाही. तो कडेला उघड्या जमिनीवर उकिडवा बसला आणि आवाज बारीक करून, बोटं हलकी ठेवून काम करत राहिला. आधी एक नवी, रिकामी खोली केली. आत शिरून ती खरंच रिकामी आहे ना ते बघितलं. बाहेर आला. फाइलमधली कालची ओळ काढून नवी लिहिली. मग ती परत वाचली, ओठ हलवत, दुसरीतल्या पोरासारखी.

खिडकीतलं धुकं पातळ होत होतं. कुठेतरी खाली, हवेतच टांगल्यासारखी, शाळेची पिवळी भिंत दिसली. भोवती अजून काही नव्हतं. नुसती भिंत.

उज्ज्वला कितव्यांदा तरी म्हणत होती, सुरू झालं का हे.

चिमीची मूठ सारिकाच्या बोटावर सैल पडली होती. पापण्या अर्ध्या. आतली बुबुळं हळूहळू वर जात होती. सारिकाचं गाणं आता नुसत्या श्वासाचं उरलं होतं, आणि तिचीही मान कलली होती. किती तरी रात्रींचं जागरण होतं ते.

पुष्कर गुडघ्यांवर सरकत आक्कांपाशी आला.

“आक्का,” तो अगदी हळू म्हणाला, “रिकामी खोली केली. नवी डबी तिथे लिहिली. आता यंत्र एकदा बंद करून चालू केलं म्हणजे बसली का नाही ते कळेल. करू?”

आक्कांनी त्याच्या ओठांवर वातीचा कापूस टेकवला.

“थांब,” त्या म्हणाल्या. “आत कुणीतरी आहे.”